मंगेशीचा थांबा मधे घालताना : पीएचपीच्या ॲरेचे एक परीक्षण

पणजीहून फोंड्याला येणाऱ्या बसच्या थांब्यांची यादी मी पहिल्यांदा केली, तेव्हा तिच्यात मंगेशीचे नाव राहून गेले. फोंडा परिसरातील ज्येष्ठ प्रवाशांना आणि देवदर्शनासाठी येणाऱ्या पाहुण्यांना मराठीत वाचता यावे म्हणून बसमार्गांचे एक छोटे संकेतस्थळ मी चालवतो, आणि ते पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेले आहे. यादीत पणजी, रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ, फर्मागुडी आणि फोंडा असे सात थांबे होते, आणि बाणस्तारी व म्हार्दोळ यांच्या मधे आठवा घालायचा होता. त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला हे काम क्षणाचे वाटेल. नाव यादीच्या शेवटी जोडायचे असते, तर ते खरोखरच क्षणाचे ठरले असते. मधे घालायचे म्हटल्यावर मात्र या भाषेने आपल्याला नेमके काय दिले आहे आणि काय दिलेले नाही, हे नीट तपासावे लागले, आणि त्या तपासणीतूनच हे परीक्षण लिहावेसे वाटले. मी ८.३ आवृत्ती वापरतो. त्याआधीच्या किंवा नंतरच्या आवृत्तीत काही वेगळे असेल, तेथे तसा उल्लेख केला आहे. भाषेतील तयार फंक्शनांची, म्हणजे ठरावीक काम करून देणाऱ्या आज्ञांची, नावे प्रत्यक्ष कोडमध्ये रोमन लिपीत लिहावी लागतात. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

एक गोष्ट आरंभीच नमूद करतो, कारण मराठी वाचकाला ती सहसा कोणी सांगत नाही. पीएचपीमध्ये व्हेरिएबलचे, म्हणजे माहिती साठवण्याच्या जागेचे, नाव देवनागरीत देता येते. यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षरे ज्या बाइटांनी बनतात, ते सर्व बाइट व्हेरिएबलच्या नावात चालतात, असा या भाषेचा नियम आहे. म्हणून खालील ओळ हा वैध, चालणारा कोड आहे.

$थांबे = ['पणजी', 'रायबंदर', 'जुने गोवे', 'बाणस्तारी', 'म्हार्दोळ', 'फर्मागुडी', 'फोंडा'];

व्यावसायिक कामात असे लिहावे असा माझा आग्रह नाही, परंतु शिकणाऱ्या मुलांना ॲरे, म्हणजे अनेक किमती एकत्र ठेवणारी यादी, समजावताना मी व्हेरिएबलांची नावे मराठीतच ठेवतो आणि त्याचा फार उपयोग होतो. या ओळीतील चौकोनी कंसांची आटोपशीर पद्धत २०१२ मध्ये ५.४ आवृत्तीबरोबर आली. त्यापूर्वी प्रत्येक वेळी 'ॲरे' हा शब्द लिहून गोल कंसात यादी द्यावी लागत असे.

रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये ही साधने प्रथम सर्वांसाठी खुली केली, तेव्हा त्यांचा हेतू आपले वैयक्तिक पान सांभाळण्यापुरता होता. पुढे भाषा वाढत गेली. पण ॲरेच्या बाबतीत तिने एक निर्णय असा घेतला की जो आजही तिचे मोठे बळ आहे आणि मोठी अडचणही आहे. इतर अनेक भाषांत क्रमवार यादी आणि नावानुसार नोंद या दोन वेगळ्या वस्तू असतात. पीएचपीमध्ये मात्र दोन्ही कामे एकच ॲरे करतो. त्यातील प्रत्येक घटकाला एक किल्ली असते, जिला आपण बोलताना 'की' म्हणतो. ती पूर्णांक असू शकते किंवा अक्षरमाला (स्ट्रिंग). आणि किल्ली कोणतीही असली, तरी घटक ज्या क्रमाने आत आले तो क्रम ॲरे जपून ठेवतो. म्हणजे प्रत्येक घटकाची ओळख दुहेरी असते : त्याची रांगेतील जागा आणि त्याची किल्ली. घटक मधे घालताना जे घोटाळे होतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या दोन ओळखी एकच आहेत असे मानण्यात असते, या निष्कर्षाला मी हळूहळू आलो.

शेवटी जोडण्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण ती सोय निर्दोषाच्या जवळ जाणारी आहे. रिकामे चौकोनी कंस लिहून समोर किंमत दिली की काम होते. ॲरे_पुश हे फंक्शनही तेच करते. अनेक घटक एकदम जोडायचे असतील तेव्हा ते उपयोगी पडते, आणि एकच जोडायचा असेल तर कंसांची पद्धत अधिक साधी व हलकी आहे. येथे लक्षात ठेवण्यासारखी बाब एवढीच, की नवीन किल्ली ठरवताना भाषा आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या पूर्णांक किल्लीच्या पुढचा अंक घेते, आणि तो सर्वांत मोठ्या किल्लीचा घटक अनसेट या आज्ञेने काढून टाकला तरी तिची आठवण जात नाही. सात थांब्यांपैकी शेवटचा, म्हणजे सहा क्रमांकाच्या किल्लीचा, अनसेटने काढून नवा जोडला, तर त्याला सहा नव्हे, सात ही किल्ली मिळते. तोच घटक ॲरे_पॉप या शेवटचा घटक काढणाऱ्या फंक्शनने काढला, तर मोजणी मागे येते. ऋण किल्ल्यांच्या बाबतीत ८.३ मध्ये एक सुधारणा झाली आहे : पूर्वी एकमेव किल्ली उणे पाच असली तरी पुढची किल्ली शून्य मिळत असे, आता ती उणे चार मिळते. माझ्या कामात ऋण किल्ल्यांचा प्रसंग कधी आलेला नाही, तरीही नियम एकसारखा झाला ही समाधानाची गोष्ट आहे.

आरंभी घटक घालण्यासाठी ॲरे_अनशिफ्ट आहे. ते पूर्णांक किल्ल्यांना शून्यापासून पुन्हा क्रमांक देते आणि अक्षरमालांच्या किल्ल्यांना हात लावत नाही. थांब्यांच्या यादीसाठी हे अगदी योग्य आहे. प्रत्येक वेळी संपूर्ण ॲरे नव्याने मांडला जातो, म्हणून लाखभर नोंदी असलेल्या ॲरेच्या आरंभी फेऱ्यामागून फेऱ्या घालत एकेक घटक घातला तर काम मंदावते. सात-आठ थांब्यांच्या यादीत हा विचार करण्याचेही कारण नाही.

आता मुख्य विषय. पीएचपीमध्ये ॲरेच्या मधे घटक घालण्यासाठी स्वतंत्र फंक्शन नाही. इतक्या वर्षांच्या आणि ॲरेसाठी कितीतरी फंक्शने असलेल्या भाषेत 'मधे घाला' एवढेच सांगणारे एकही फंक्शन नसावे, हा मला या साधनसंचातील सर्वांत मोठा उणेपणा वाटतो. त्याऐवजी ॲरे_स्प्लाइस वापरावे लागते. या फंक्शनचे मूळ काम ॲरेचा एक तुकडा कापून काढणे आणि त्या जागी दुसरा तुकडा बसवणे हे आहे. काढायच्या घटकांची संख्या शून्य दिली, की काही न काढता फक्त बसवण्याचे काम होते. म्हणजे मंगेशीसाठी ॲरे_स्प्लाइसला चार गोष्टी सांगायच्या : ॲरे कोणता, तर थांबे, कोणत्या जागेपासून, तर चार, कारण मोजणी शून्यापासून असल्याने म्हार्दोळ चौथ्या अंकावर आहे, किती काढायचे, तर शून्य, आणि काय बसवायचे, तर 'मंगेशी'. हे बरोबर लिहिले तर म्हार्दोळ, फर्मागुडी आणि फोंडा एकेक जागा पुढे सरकतात आणि मंगेशीला तिची जागा मिळते. जागा ऋण अंकात दिली तर ती शेवटून मोजली जाते, ही सोय मला विशेष आवडली. फोंड्याच्या नेमक्या आधी काही घालायचे असेल तर उणे एक लिहिले की पुरते, यादी किती लांब आहे हे विचारावे लागत नाही.

पण या चार गोष्टींतील तिसरी फार धोक्याची आहे. 'किती काढायचे' या ठिकाणी 'काहीच नाही' असे मनात धरून मी प्रथम नल लिहिले होते. बोलण्यातल्या अर्थाने नल म्हणजे काही नाही, हे खरे, परंतु ८.० आवृत्तीपासून या जागी नलचा ठरवलेला अर्थ 'येथून शेवटपर्यंत सगळे' असा आहे. परिणामी पानावर पणजी, रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी, मंगेशी एवढेच थांबे उरले आणि बस फोंड्याला पोहोचेचना. याच आवृत्तीत आलेली, नावाने मूल्ये देण्याची पद्धत वापरून संख्या लिहायचीच वगळली, तरीही हेच घडते. कोणतीही सूचना येत नाही, कोणतीही चूक दाखवली जात नाही, कारण भाषेच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. ज्या कामासाठी हे फंक्शन सर्वाधिक वेळा शोधले जाते, त्या कामाची किंमत शून्य असावी आणि काही न दिल्यास गृहीत धरली जाणारी किंमत मात्र सगळे पुसणारी असावी, ही मांडणी मला आजही पटत नाही.

दुसरा फसवा भाग परत मिळणाऱ्या मूल्याचा आहे. ॲरे_स्प्लाइस मूळ ॲरेतच बदल करते आणि परत देते ते काढून टाकलेले घटक. शून्य घटक काढले असतील, तर रिकामा ॲरे परत येतो. दोन ॲरे जोडून नवा ॲरे देणाऱ्या ॲरे_मर्जसारख्या फंक्शनांची सवय असलेला माणूस सहजपणे उत्तर पुन्हा त्याच व्हेरिएबलमध्ये साठवतो, आणि मग यादी कोरी होते. ॲरे_पुश आणि ॲरे_अनशिफ्ट यांच्याबाबतही हाच सावधपणा हवा. ती दोन्ही घटकांची नवी संख्या परत देतात, त्यामुळे चुकीने साठवल्यास यादीच्या जागी नुसता आठ हा अंक उरतो. कोणते फंक्शन मूळ ॲरे बदलते आणि कोणते नवा ॲरे देते, याची खूण नावावरून पटत नाही, ती पाठच करावी लागते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या वहीत मी पहिल्याच दिवशी या दोन गटांचे दोन रकाने करून घेतो.

तिसरी गोष्ट मला उशिरा कळली. थांब्यांच्या नुसत्या नावांऐवजी मी पुढे प्रत्येक थांब्याचा छोटा ॲरे केला : नाव आणि पणजीपासूनचे अंतर. मंगेशीची अशी नोंद सरळ चौथ्या जागी दिली, तेव्हा सातांचे आठ होण्याऐवजी नऊ झाले. कारण बसवायचा घटक स्वतःच ॲरे असेल, तर ॲरे_स्प्लाइस त्याला घटकांची यादी समजते आणि त्यातील प्रत्येक किंमत सुटी करून बसवते; त्या किमतींच्या किल्ल्याही ते टाकून देते. अशा वेळी नोंदीला आणखी एका चौकोनी कंसात गुंडाळून द्यावे लागते, म्हणजे 'एकच घटक असलेली यादी' असा तिचा अर्थ होतो. नियम समजल्यावर तो तर्कसंगत वाटतो, आणि त्याच्यामुळे चार-पाच थांबे एकदम मधे घालता येतात हा लाभही आहे. शिकणाऱ्याला मात्र तो हटकून अडवतो.

याहून गंभीर प्रसंग आमच्या भागातील एका भजनी सप्ताहाच्या वेळी घडला, आणि तो माझ्याच कोडमधील दोषामुळे घडला. अखंड भजनाच्या त्या दिवशी वेगवेगळ्या वाड्यांची पथके ठरलेल्या वेळी आपली पाळी घेतात. पाळ्यांचे वेळापत्रक ठेवण्यासाठी मी ॲरे केला होता. किल्लीच्या जागी पथकाचा नोंदणी क्रमांक, १०१, १०४, ११२ असा, आणि किमतीच्या जागी पाळीची वेळ. आयत्या वेळी एक पथक वाढले आणि त्याची पाळी मध्यरात्रीनंतर, दोन पाळ्यांच्या मधे ठरली. बसच्या यादीच्या अनुभवाने मी निश्चिंतपणे ॲरे_स्प्लाइस वापरले. वेळा योग्य क्रमाने दिसू लागल्या, पण सर्व नोंदणी क्रमांक नाहीसे होऊन त्यांच्या जागी शून्य, एक, दोन अशा किल्ल्या आल्या, कारण हे फंक्शन पूर्णांक किल्ल्या जपत नाही, ते त्यांना नव्याने क्रमांक देते. क्रमांकावरून पथकाचे नाव शोधणारा पुढचा कोड त्यामुळे कोणतेच नाव दाखवू शकला नाही. पहाटेची पाळी असलेल्या पथकाच्या वडीलधाऱ्या प्रमुखांनी फोन करून "आमचे नाव गेले कुठे?" असे विचारले, तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. वही समोर ठेवून सर्वांना फोन केले आणि वेळापत्रक हाताने पूर्ण केले.

त्यानंतर मी जे शिकलो, तेच या परीक्षणातील सर्वांत उपयोगाचे आहे असे मला वाटते. घटक मधे घालण्यापूर्वी स्वतःला विचारावे : या ॲरेत अर्थ जागेला आहे की किल्लीला? थांब्यांच्या यादीत अर्थ जागेला आहे. किल्ली बदलली तरी काही बिघडत नाही, किंबहुना ती बदललीच पाहिजे. पाळ्यांच्या यादीत अर्थ दोन्हींना आहे, आणि तेथे ॲरे_स्प्लाइस चालत नाही. तेथे ॲरे_स्लाइसने यादीचे दोन तुकडे करावे लागतात, आरंभापासून ठरलेल्या जागेपर्यंत एक आणि तेथून शेवटपर्यंत दुसरा, आणि दोन्ही वेळा किल्ल्या जपण्याविषयीचे चौथे मूल्य 'ट्रू', म्हणजे होय, द्यावे लागते, कारण ते न दिल्यास पूर्णांक किल्ल्या येथेही नव्याने मोजल्या जातात. मग पहिला तुकडा, नवी नोंद आणि दुसरा तुकडा अधिक चिन्हाने जोडायचे. पीएचपीमध्ये दोन ॲरेंच्या मधे अधिक चिन्ह लिहिले, की किल्ल्या जशाच्या तशा ठेवून ते एकत्र येतात. याच कामासाठी ॲरे_मर्ज वापरले, तर पूर्णांक किल्ल्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि सगळे कष्ट वाया जातात. एका ॲरेतील घटक दुसऱ्यात पसरण्याची तीन टिंबांची पद्धत, जी यादीसाठी ७.४ मध्ये आणि अक्षरमालांच्या किल्ल्यांसाठी ८.१ मध्ये आली, तीही पूर्णांक किल्ल्यांच्या बाबतीत ॲरे_मर्जप्रमाणेच वागते. दिसायला ती फार सुबक आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी हे आवर्जून सांगतो.

अधिक चिन्हाचीही एक मर्यादा आहे. दोन्ही बाजूंना एकच किल्ली आढळली, तर डावीकडील किंमत राहते आणि उजवीकडील काही न बोलता गळते. ॲरे_मर्जमध्ये अक्षरमालेची किल्ली समान असेल, तर याच्या उलट नंतरची किंमत पहिलीला झाकते. त्यामुळे नवीन पथकाचा क्रमांक आधीच यादीत आहे का, हे मी आता अगोदर तपासतो.

किल्ल्यांचा विषय निघालाच आहे, तर पिनकोडविषयी लिहिले पाहिजे, कारण संस्थांच्या सभासद-याद्या आपल्याकडे पिनकोडनुसार लावण्याची पद्धत आहे. फोंड्याचा ४०३४०१ आणि पणजीचा ४०३००१ हे अंक इंग्रजी आकड्यांत, अवतरणचिन्हांत लिहून किल्ली म्हणून दिले, तरी पीएचपी त्यांचे पूर्णांकात रूपांतर करते. म्हणजे आपण अक्षरमाला दिली असे समजत असतो आणि ॲरे_मर्ज तिला पूर्णांक समजून पुसून टाकते. आरंभी शून्य असलेला क्रमांक, उदाहरणार्थ ०१०४, मात्र अक्षरमालाच राहतो. आणि हेच आकडे देवनागरीत लिहिले तर भाषा त्यांना अंक मानतच नाही, त्यामुळे 'फोंड्याचा पिनकोड' या एकाच गोष्टीच्या, लिपीनुसार, दोन वेगळ्या किल्ल्या तयार होतात. माझ्या संकेतस्थळावर वाचकांसाठी आकडे देवनागरीत दिसतात, परंतु किल्लीत मी ते येऊ देत नाही, आणि पिनकोडच्या आधी एक अक्षर जोडतो, म्हणजे ती किल्ली कायम अक्षरमालाच राहते.

गोव्यातील नावांशी जोडलेली आणखी एक अडचण आहे. जागेचा अंक स्वतः न मोजता 'म्हार्दोळच्या आधी घाल' असे सांगायचे असेल, तर ॲरे_सर्चने म्हार्दोळची जागा शोधावी लागते. आपल्याकडे एकाच गावाचे नाव अनेक प्रकारे लिहिले जाते. कोणी फोंडा लिहितो, कोणी फोण्डा. म्हार्दोळचे म्हारदोळ होते. मनुष्य दोन्ही वाचून एकच गाव समजतो, कोडला ती दोन वेगळी नावे असतात. नाव सापडले नाही तर ॲरे_सर्च 'फॉल्स', म्हणजे नाही, परत देते, आणि तो फॉल्स तसाच ॲरे_स्प्लाइसला दिला, तर भाषा त्याचे शून्य करते. परिणामी मंगेशीचा थांबा पणजीच्याही आधी जाऊन बसतो. फाइलच्या आरंभी प्रकारांविषयीची कडक घोषणा लिहिण्याची सोय ७.० पासून आहे, आणि ती लिहिली असेल तर याच ठिकाणी भाषा थांबते व चूक दाखवते. मी ती घोषणा आता प्रत्येक फाइलमध्ये लिहितो, आणि शिवाय फॉल्स आला आहे का हे तीन बरोबर चिन्हांनी तपासतो; दोन बरोबर चिन्हे येथे पुरत नाहीत, कारण शून्यावी जागा, म्हणजे पणजी, हीसुद्धा त्यांना फॉल्ससमान वाटते. ८.४ मध्ये आलेले ॲरे_फाइंड_की हे फंक्शन या शोधासाठी अधिक सोयीचे आहे, कारण त्याला तुलना कशी करायची हे आपण सांगू शकतो, आणि दोन्ही शुद्धलेखने ग्राह्य धरता येतात.

एकाहून अधिक थांबे वेगवेगळ्या ठिकाणी घालायचे असतील, तर शेवटाकडून आरंभाकडे यावे. पुढून सुरुवात केल्यास पहिला थांबा घालताच पुढच्या सर्व जागा एकाने सरकतात आणि आधी काढून ठेवलेले अंक चुकतात. घटक एकेक करून पाहणाऱ्या फोरईचच्या फेरीत असतानाच ॲरेत भर घालणे टाळावे. ही फेरी साध्या रीतीने चालवली असेल, तर ती सुरुवातीला होता तेवढाच ॲरे पाहते, नव्याने घातलेला घटक तिला दिसत नाही.

ॲरे पानापर्यंत कसा पोहोचतो, याही बाजूने एक अनुभव आला. मोबाइलवरील पानाला मी थांबे जेसनच्या, म्हणजे माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या मजकुरी स्वरूपाच्या, रूपात पाठवतो. किल्ल्या शून्यापासून सलग असतील तर जेसन_एन्कोड त्यांची क्रमवार यादी करते. मधली एक जरी किल्ली गहाळ असेल, तर त्याच थांब्यांचे रूपांतर किल्ली-किंमत अशा वस्तूत होते आणि पलीकडचा कोड कोसळतो. अनसेटने मधला थांबा काढल्यावर नेमके हेच घडते. ॲरे_व्हॅल्यूज वापरून किल्ल्या सलग करून घेणे हा उपाय आहे, आणि यादी खरोखर सलग आहे का हे विचारणारे ॲरे_इज_लिस्ट हे फंक्शन ८.१ मध्ये मिळाले आहे. गंमत वाटावी अशी नव्हे, तर ध्यानात ठेवावी अशी गोष्ट ही की ज्या पुनर्क्रमांकनाने भजनाच्या पाळ्यांचा घात केला, त्याच पुनर्क्रमांकनामुळे ॲरे_स्प्लाइस वापरलेली बसची यादी जेसनसाठी कायम सलग राहते.

वेगाविषयी आणि स्मृतीविषयी माझी तक्रार नाही. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या ७.० आवृत्तीने ॲरेची अंतर्गत रचना मुळापासून बदलली; सलग किल्ल्यांचे ॲरे आणखी आटोपशीरपणे साठवले जाऊ लागले, आणि ८.२ पासून अशा ॲरेतील प्रत्येक घटकाला ६४ बिटांच्या यंत्रावर ३२ ऐवजी १६ बाइट पुरतात. ॲरे फंक्शनला दिला तरी त्याची प्रत लगेच केली जात नाही, कोणी त्यात बदल केला तरच होते. ज्यांना वारंवार मधे घालायचेच काम आहे, त्यांच्यासाठी पीएचपीबरोबर येणाऱ्या एसपीएल या तयार साधनांच्या संचातील दुहेरी जोडलेली यादी आहे आणि तिला जागा सांगून घटक घालण्याची 'ॲड' ही पद्धत आहे. 'मधे घाला' हे वाक्य सरळ उच्चारणारी पीएचपीतील ही एक जागा. पण ॲरेची इतर फंक्शने तिच्यावर चालत नाहीत, म्हणून मी तिच्याकडे वळलो नाही.

नवशिक्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. सर्व्हरवर चालणाऱ्या या भाषेत प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. पान तयार होऊन गेले की ॲरे संपतो. मंगेशीचा थांबा घातला, पान पुन्हा उघडले आणि तो नाहीसा झाला, असे सांगत मुले येतात, तेव्हा ॲरेचा दोष नसतो. क्रम टिकवायचा असेल तर तो डेटाबेसमध्ये, क्रमाच्या वेगळ्या रकान्यासह, लिहून ठेवावा लागतो.

एकूण साधन म्हणून मी पीएचपीच्या ॲरेवर विश्वास ठेवतो आणि लहान संस्थांच्या कामासाठी तो निःसंकोच सुचवतो. भाषा विनामूल्य आहे आणि अगदी साध्या सर्व्हरवरही चालते. मधे घालण्यासाठी मात्र मी थेट ॲरे_स्प्लाइस लिहिणे सोडले आहे. जागेचा अर्थ असलेल्या यादीसाठी 'यादीत_घाला' आणि किल्ली जपायच्या नोंदींसाठी 'नोंदीत_घाला', अशी देवनागरी नावांची दोन छोटी फंक्शने मी लिहून ठेवली आहेत. पहिल्यात शून्य कायमचे लिहिलेले आहे आणि घटक नेहमी कंसात गुंडाळला जातो. दुसऱ्यात तुकडे करण्याचे आणि अधिक चिन्हाने जोडण्याचे काम आहे. दोन्ही नवा ॲरे परत देतात, त्यामुळे उत्तर साठवण्याची सवय आता हानी करत नाही.

राहता राहिली माहितीपुस्तिका. पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिका उत्तम आहे, प्रत्येक फंक्शनखाली आवृत्तीनुसार झालेले बदल दिलेले असतात आणि उदाहरणे चालवून पाहता येण्यासारखी असतात. ती जपानी, तुर्की, स्पॅनिश अशा अनेक भाषांत आहे. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही आहे, आणि १९६१ पूर्वी शाळेत गेलेले आमच्या शेजारचे एक आजोबा त्यातील परिच्छेद अडखळत का होईना वाचून दाखवतात, याचे मुलांना फार अप्रूप वाटते. मराठीत ती नाही. फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या, पण मराठी माध्यमातून आलेल्या काही मुलांसाठी मी ॲरेची पाने स्वतः मराठीत उतरवायला घेतली आहेत. ॲरे_स्प्लाइसचे पान पूर्ण झाले आहे, त्यात नलविषयीची सूचना मी सर्वांत वर, ठळक अक्षरांत ठेवली आहे. ॲरे_स्लाइसचे चालू आहे.